जोरदार वाऱ्यासाठी लहान बोर्ड: टॅबू थ्री-एस ९६

हा अभिप्राय विंडसर्फिंगच्या, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डावर उभे राहून वाऱ्याने पाणी कापण्याच्या खेळाच्या, एका ठरावीक टप्प्यावर पोहोचलेल्या वाचकांसाठी आहे. हार्नेस (शिडाची ओढ अंगावर घेणारा पट्टा) वापरता येतो, फुटस्ट्रॅपमध्ये (बोर्डावरच्या पायपट्ट्यांमध्ये) पाय जातात, खोल पाण्यात वॉटरस्टार्ट, म्हणजे शिडाच्या ओढीने पाण्यातून उठून बोर्डावर येणे, बहुतेक वेळा साधतो, जवळ ११० ते १३० लिटर आकारमानाचा, सर्वसाधारण वापराचा रुंद फ्रीराइड बोर्ड आहे आणि वारा वीस नॉटच्या (नॉट हे सागरी वेगाचे एकक) पुढे गेला की तोच बोर्ड पायाखाली ऐकेनासा होतो, तेव्हा दुसऱ्या, लहान बोर्डाचा विचार सुरू होतो. माझ्यापुरते या प्रश्नाचे उत्तर टॅबू कंपनीचा थ्री-एस ९६ हा ९६ लिटरचा बोर्ड ठरला. तो मी काही वर्षे जुना, वापरलेला घेतला आणि सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या परिसरात तीन ठिकाणी वापरला: फॉस्टर सिटीचा थर्ड अव्हेन्यू, सॅन मटेओचा कोयोटी पॉइंट आणि सॅक्रामेंटो नदीवरचे शर्मन आयलंड. माझे वजन ७४ किलो आहे. हा आकडा आधीच सांगून ठेवतो, कारण बोर्डाविषयीचे कोणतेही मत, ते सांगणाऱ्याचे वजन ठाऊक नसेल तर, वाचणाऱ्याच्या फारसे उपयोगी पडत नाही.

येथील वाऱ्याचा स्वभाव समजल्याशिवाय या निवडीमागचे कारण कळणार नाही. साधारण एप्रिल ते ऑगस्ट या काळात पॅसिफिकवरची थंड, जड हवा आणि कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यातील तापलेली हवा यांच्या दाबांत मोठा फरक पडतो आणि वारा समुद्राकडून आत खेचला जातो. सॅन ब्रुनो डोंगर आणि त्याच्या दक्षिणेची डोंगररांग यांच्यामधल्या खिंडीतून तो सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर आणि कोयोटी पॉइंटवर उतरतो. उत्तरेकडे कार्किनेझच्या सामुद्रधुनीतून तो नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात शिरतो आणि शर्मन आयलंडवर पोहोचेपर्यंत चांगलाच जोर धरतो. थर्ड अव्हेन्यूवर दुपारी दोनला पंधरा नॉट असलेला वारा संध्याकाळी पाचपर्यंत पंचवीसवर जाणे हे तिथले नेहमीचे चित्र आहे. दुपारी ज्या बोर्डावर मजा येते, त्याच बोर्डावर संध्याकाळी नुसता जीव सांभाळावा लागतो.

असे का होते, हे नीट पाहणे आवश्यक आहे, कारण बोर्ड निवडण्याची दिशा त्यातूनच मिळते. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १४ नॉटचा वारा २० नॉट झाला की शिडावरचा जोर दुप्पट होतो, आणि २० चा २८ झाला की तो पुन्हा दुप्पट होतो. शीड लहान करून हा जोर आवरता येतो, म्हणून पहिला उपाय नेहमी लहान शीड हाच असतो. पण शीड लहान केले म्हणून बोर्डाचा वेग कमी होत नाही, बहुधा वाढतोच, आणि पाणी तळाला जी उचल देते तीही वेगाच्या वर्गानेच वाढते. चौदा नॉटमध्ये प्लेनिंगवर, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत जाण्याच्या अवस्थेत, येण्यासाठी जेवढा रुंद तळ लागतो, तेवढ्याची पंचवीस नॉटमध्ये गरज उरत नाही. जास्तीची रुंदी मग लाटांवर आपटत राहते, आणि एखाद्या लाटेवर बोर्डाचे तोंड वर झाले की वारा त्याखाली शिरून रुंद बोर्ड सुपासारखा पाखडतो.

दुसरे कारण फिनचे, म्हणजे बोर्डाच्या तळाला मागे लावलेल्या उभ्या पात्याचे, आहे आणि ते पुष्कळदा दुर्लक्षित राहते. रुंद बोर्डाला मोठ्या शिडाचा बाजूचा दाब पेलण्यासाठी लांब फिन लागतो. वेग वाढला की फिनचा जोरही वाढतो, आणि तो जोर पाण्याखाली, वारा येतो त्या बाजूला लागत असल्यामुळे बोर्डाची वाऱ्याकडची कड उचलली जाते. ही कड दाबून ठेवण्यासाठी आपण टाचांवर भार देतो. पण लाटेवरून उडताना तो भार क्षणभर सुटतो आणि तेवढ्यात बोर्ड कलंडतो. लांब फिन काढून आखूड फिन लावल्यास रुंद बोर्ड आणखी तीनचार नॉट वारा पेलतो. त्यामुळे ज्यांच्याकडे अजून पाच चौरस मीटरच्या आसपासचे शीड आणि आखूड फिन नाही, त्यांनी आधी या दोन गोष्टी घ्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांचा खर्च बोर्डाच्या मानाने कमी आहे आणि पुढे लहान बोर्ड घेतला तर शीड तेच उपयोगी पडते. लहान बोर्डाची खरी गरज त्यानंतर, म्हणजे नेमके शीड आणि नेमका फिन लावूनही बोर्ड आटोक्यात राहत नाही तेव्हा, सिद्ध होते.

आता लिटरचा हिशेब. माझे वजन ७४ किलो, बोर्ड फिन आणि स्ट्रॅपसह सुमारे ८, मास्ट (शिडाचा खांब), बूम (शीड धरण्याची आडवी दांडी) आणि शीड मिळून सुमारे ९, भिजलेला वेटसूट, हार्नेस, बूट आणि जीवनरक्षक जाकीट मिळून ५. ही बेरीज ९६ किलो होते. एक लिटर गोडे पाणी एक किलो वजन तोलते, समुद्राचे पाणी सुमारे १.०२५ किलो. म्हणजे ९६ लिटरचा बोर्ड शर्मन आयलंडच्या नदीत मला जेमतेम तोलतो आणि खाडीच्या खाऱ्या पाण्यात सुमारे अडीच किलोची सूट देतो. थांबलेल्या अवस्थेत हा बोर्ड पाण्याच्या पातळीला, किंचित खालीच असतो. त्यावर उभे राहून दोरीने शीड उचलणे अशक्य नाही, पण लाटा असलेल्या पाण्यात त्याचा भरवसा धरू नये. शीड उचलण्याची सोय ज्यांना हवी आहे त्यांना वजनापेक्षा निदान तीस-चाळीस लिटर जास्तीचे लागतात, आणि मग तो जोरदार वाऱ्याचा बोर्ड राहत नाही.

दुकानात आणि वापरलेल्या मालाच्या जाहिरातींत बोर्ड लिटरवरून ओळखला जातो, त्यामुळे निवडही लिटरवरूनच होते. लिटर सांगतात ते एवढेच की वारा पडला तर आपण परत कसे येऊ. वाऱ्यात बोर्ड कसा वागेल, हे रुंदी सांगते, आणि त्यातही मागच्या टोकापासून सुमारे तीस सेंटीमीटर अंतरावरची रुंदी. लांबीचा उपयोग आता फारसा उरलेला नाही. जिम ड्रेक आणि हॉइल श्वाइट्झर यांनी १९६८ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात ज्या बोर्डाच्या पेटंटसाठी अर्ज केला तो साडेतीन मीटरहून लांब होता, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत लहान बोर्ड म्हणजे आखूड बोर्ड हा अर्थ बरोबर होता. आज ९६ लिटरचा आणि १२० लिटरचा बोर्ड शेजारी ठेवले तर लांबीतला फरक बारकाईने पाहावा लागतो. रुंदीतला फरक मात्र लगेच दिसतो: माझा जुना फ्रीराइड ७२ सेंटीमीटर रुंद होता, थ्री-एस ९६ साठच्या आसपास आहे. हे बारा सेंटीमीटर पायांना लिटरपेक्षा कितीतरी जास्त जाणवतात. एक साठ सेंटीमीटरचा आणि एक अडुसष्ट सेंटीमीटरचा, असे दोन बोर्ड १०० लिटरचे असू शकतात. पंचवीस नॉटमध्ये त्यांच्यात काहीही साम्य नसते.

थ्री-एस ही टॅबूची जुनी मालिका आहे. कंपनीचे आरेखनकार फाबिएन फोलेनवायडर यांनी ती फ्रीस्टाइल-वेव्ह प्रकारात, म्हणजे सपाट पाण्यापासून मध्यम लाटांपर्यंत सर्वत्र चालावी अशा बेताने, वर्षानुवर्षे सुधारत आणली आहे. या प्रकाराची निवड मी जाणीवपूर्वक केली. लाटांवर स्वार होण्यासाठी बनवलेल्या वेव्ह बोर्डाचा तळ पुढून मागे बराच वाकलेला असतो. तो लाटेवर सुंदर वळतो, पण खाडीच्या पाण्यात प्लेनिंगवर यायला वेळ घेतो आणि वर, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, चढायला कुरकुर करतो. दुसऱ्या टोकाला लहान स्लॅलम, म्हणजे शर्यतीचा, बोर्ड असतो. तो वेगवान असतो, पण त्याचे स्ट्रॅप कडेला आणि रुंदी मागे असते, त्यामुळे ज्या कारणासाठी आपण मोठा बोर्ड सोडला तेच कारण थोड्या कमी प्रमाणात पुन्हा समोर येते. पहिला लहान बोर्ड या दोहोंच्या मधला असावा. स्टारबोर्डचा कोड, फॅनॅटिकचा फ्रीवेव्ह, गोयाचा वन हे याच प्रकारातले आहेत, आणि ९० ते १०० लिटरच्या टप्प्यात यांपैकी कोणताही चांगल्या स्थितीत मिळाला तर केवळ नावासाठी थ्री-एसची वाट पाहत बसू नये.

पाण्यावर या बोर्डाचा पहिला ठसा शांतपणाचा आहे. थर्ड अव्हेन्यूवर ओहोटी सुरू झाली की पाणी उत्तरेला गोल्डन गेटच्या, म्हणजे खाडीच्या समुद्राकडच्या तोंडाच्या, दिशेने वाहू लागते आणि पश्चिम-वायव्येच्या वाऱ्याशी त्याची गाठ पडून खाडीच्या मध्यावर आखूड, उभ्या लाटांचा चॉप उठतो. रुंद बोर्डावर हा चॉप गुडघ्यांपर्यंत जाणवतो. थ्री-एसचा तळ पूर्ण सपाट नाही, त्याला मध्यरेषेकडे हलका उतार आहे, त्यामुळे तो लाटेवर आपटण्याऐवजी तिला कापत जातो. शिवाय पाय मध्यरेषेच्या जवळ असल्यामुळे एखादी लाट एका कडेखाली आली तरी तिचा झटका शरीराला कमी बसतो. पाच चौरस मीटरचे शीड आणि बावीस-तेवीस नॉट वारा असताना मी या बोर्डावर हार्नेसमध्ये बसून आजूबाजूला पाहू शकतो. मोठ्या बोर्डावर अशा वाऱ्यात नजर पुढच्या दोन मीटर पाण्यावरून हलत नसे.

वेगाविषयी अपेक्षा नीट ठेवावी. सपाट पाण्यात, मध्यम वाऱ्यात चांगला फ्रीराइड बोर्ड थ्री-एसला सरळ रेषेत मागे टाकतो आणि ते स्वाभाविक आहे. लहान बोर्डाचा वेग दिसतो तो खडबडीत पाण्यात, कारण तिथे वेगाची मर्यादा बोर्ड ठरवत नाही, आपला धीर ठरवतो, आणि आटोक्यात असलेल्या बोर्डावर शीड उघडून वारा सोडावा लागत नाही.

माझ्या दृष्टीने या बोर्डाचे सर्वांत मोठे देणे जाइब, म्हणजे वाऱ्याकडे पाठ करून वळण घेणे, हे आहे. रुंद बोर्ड वेगात असताना त्याची कड पाण्यात रुतवणे कठीण जाते. ती रुतली नाही की बोर्ड सपाट राहतो, चॉपवर उड्या मारतो, वेग हरवतो आणि वळणाच्या मध्यावर आपण थांबतो. साठ सेंटीमीटरच्या बोर्डाची कड पायाच्या थोड्या दाबाने बसते आणि धरून राहते. वळणाचा घेर लहान होतो, म्हणून दोन लाटांच्या मधली जागा साधून वळता येते. गुडघे वाकवून पुढच्या पायाचा घोटाही वळणाच्या आत दाबला तर बोर्ड प्लेनिंग न सोडता बाहेर पडतो. जोरदार वाऱ्यात जाइब शिकणे अवघड असते, असे अनेकदा सांगितले जाते; ते चुकीच्या बोर्डावर अवघड असते. ज्यांचे जाइब वर्षानुवर्षे अडकून पडले आहे त्यांनी निदान भाड्याने घेऊन तरी एकदा असा बोर्ड वापरून पाहावा, असा माझा आग्रह आहे. टॅकच्या, म्हणजे वाऱ्याकडे तोंड करून वळण्याच्या, बाबतीत मात्र उलट परिस्थिती आहे. पुढे पाऊल टाकताच बोर्डाचे तोंड बुडते, म्हणून मास्टच्या पुढून जाताना रेंगाळायला वाव नाही, आणि माझ्यासारखे बरेच जण अशा बोर्डावर टॅक जवळपास सोडूनच देतात.

उभे राहण्याची सवयही थोडी बदलावी लागते. प्लेनिंगवर येण्यापूर्वी मोठा बोर्ड पाय कुठेही ठेवू देतो. हा देत नाही. पुढचा पाय मास्टच्या बुडाशी आणि भार बूममधून खाली मास्टवर, असे करून बोर्ड सपाट ठेवला तर तो एका झोतात सुटतो. मागे सरकण्याची घाई केली तर शेपूट बुडते आणि झोत निघून जातो. वारा पुरेसा असेल तर ही सवय अंगवळणी पडायला फार वेळ लागत नाही.

शिडांचा पल्ला मी ४.२ ते ५.७ चौरस मीटर असा ठरवला आहे. ६.२ लावता येते, पण तेवढे शीड लागण्याइतका वारा कमी असेल तर रुंद बोर्डच योग्य असतो, कारण थ्री-एस माझ्या वजनाला सतरा-अठरा नॉटच्या आत मनापासून प्लेनिंगवर येत नाही. ५.७ आणि ५.० साठी २८ सेंटीमीटरचा फिन आणि ४.५ व ४.२ साठी २४ सेंटीमीटरचा, एवढे दोन पुरतात. येथे एक सूचना महत्त्वाची आहे: मोठ्या आणि लहान बोर्डांच्या शिडांचे पल्ले एकमेकांवर थोडे यायला हवेत. माझ्या १२० लिटरच्या बोर्डावर ५.७ लागते आणि ९६ वरही लागते, म्हणून वारा अठरा नॉटवर घुटमळत असेल तर किनाऱ्यावर येऊन फक्त बोर्ड बदलायचा, शीड तेच ठेवायचे. १३० लिटरवरून थेट ८० वर उतरणाऱ्याला ही सोय मिळत नाही, आणि त्याच्या दोन बोर्डांच्या मध्ये असा एक वारा राहून जातो ज्यात त्याच्याकडचे काहीच बरोबर नसते. दुर्दैवाने या खाडीच्या परिसरात बहुतेक दिवस त्याच वाऱ्याचे असतात.

लहान बोर्ड घेताना सर्वांत जास्त विचार करावा लागतो तो वारा पडण्याचा, आणि इथे किनाऱ्यागणिक उत्तर बदलते. कोयोटी पॉइंटला किनाऱ्याजवळ वारा हलका असतो आणि बाहेर, खाडीत, तो एकदम जोर धरतो. म्हणजे पंचवीस नॉटमध्ये खेळण्यासाठी आधी दहा-बारा नॉटमधून रखडत जावे लागते, आणि परत येतानाही तेच. ७४ किलोच्या माणसाला ९६ लिटरवर ते जमते. बोर्ड घोट्यापर्यंत पाण्यात असतो, वेग पायी चालण्याइतका असतो, पण जमते. ८५ लिटरवर मला ते जमले नसते, आणि म्हणून तिथले अनुभवी लोकसुद्धा दुसरा बोर्ड थोडा मोठाच ठेवतात, यात मला शहाणपण दिसते.

थर्ड अव्हेन्यूवर धोका वेगळ्या प्रकारचा आहे. वारा किनाऱ्याकडून खाडीच्या मध्याकडे ओढणारा असतो आणि त्याच्या दिशेचा पलीकडचा किनारा हेवर्डच्या बाजूला, दूर आहे. संध्याकाळी वारा अचानक बसला आणि ओहोटी चालू असली तर माणूस मधल्या पाण्यात राहतो आणि उत्तरेकडे वाहू लागतो. दहा नॉटच्या खाली ४.७ च्या शिडाने वॉटरस्टार्ट होत नाही. अशा वेळी शीड मोकळे करून, गुंडाळून, बोर्डावर पालथे पडून हातांनी वल्हवत यावे लागते, आणि ते ९६ लिटरवर जेवढे सोपे आहे तेवढे ८० वर नाही. म्हणून लहान बोर्ड घेतल्याबरोबर जलरोधक व्हीएचएफ रेडिओ आणि शिट्टी जाकिटाला बांधावी. सोळा क्रमांकाची वाहिनी संकटाच्या हाकेसाठी सर्वत्र राखीव असते. हा खर्च मी बोर्डाच्या किमतीतच धरतो.

शर्मन आयलंड मात्र लहान बोर्डाचे माहेर म्हणावे असे ठिकाण आहे. नदी पश्चिमेकडे वाहते आणि वारा पश्चिमेकडून येतो. ओहोटीच्या वेळी नदीचा प्रवाह आणि ओहोटी एकत्र येऊन पाणी वाऱ्याच्या तोंडावर धावते, त्यामुळे लाटा उभ्या राहतात, आणि प्रवाहाच्या वेगाएवढा वारा आपल्याला जास्त मिळतो: वारा २० नॉट आणि प्रवाह दोन नॉट असेल तर शीड २२ नॉटमध्ये असल्यासारखे चालते. शिवाय पडल्यावर प्रवाह आपल्याला वाऱ्याच्या वरच्या बाजूला घेऊन जातो, म्हणजे वर चढण्यात बोर्ड कमी पडला तरी नदी भरून काढते. भरतीच्या वेळी हे सगळे उलटते. तोच २० नॉटचा वारा अठराचा होतो, पाणी गुळगुळीत होते आणि पडलेला माणूस खाली वाहत जातो. त्यामुळे तिथे जाताना मी वाऱ्याच्या अंदाजाइतकेच भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहतो आणि भरती असेल तर ९६ बरोबर ५.० ऐवजी ५.७ लावतो. पाणी गोडे असल्यामुळे तरंगण्यात जे अडीच किलो कमी होतात ते वॉटरस्टार्टच्या वेळी जाणवतात, चालताना नाही. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पाणवनस्पती फिनला अडकतात. मागे झुकलेला फिन जवळ असावा.

तीन फिनच्या बोर्डांबद्दल विचारणा नेहमी होते, म्हणून थोडक्यात सांगतो. सेव्हर्नचा डायनो हा अशा बोर्डांपैकी बराच पसंत केला जाणारा आहे. आखूड, आटोपशीर, आणि लाटांवर अतिशय मोकळा. समुद्राच्या लाटा ज्यांच्या वाट्याला येतात त्यांनी तो आधी पाहावा. खाडीत आणि नदीत जिथे बहुतेक वेळ आडवे जाणे आणि वर चढणे हेच चालते, तिथे एका फिनचा साधेपणा मला अधिक पटतो: पाण्याची ओढ कमी, वर चढणे सोपे, आणि बदलायला व अडकलेले गवत काढायला एकच फिन.

नव्या बोर्डाची किंमत आता दोन हजार डॉलरच्या पुढे जाते. विंगकडे (हातात धरायच्या पंखासारख्या शिडाच्या खेळाकडे) वळलेल्या अनेकांनी आपले विंडसर्फिंगचे साहित्य विकायला काढले आहे, त्यामुळे या आकाराचे चांगले वापरलेले बोर्ड त्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात मिळतात. पाहताना माझे लक्ष सर्वप्रथम पुढच्या टोकावर जाते, कारण मास्ट किंवा बूम तिथेच आदळते आणि दुरुस्ती रंगाखाली लपते. टाचा जिथे टेकतात तो पृष्ठभाग अंगठ्याने दाबून पाहावा. तो मऊ लागला किंवा बोटाने टकटक केल्यावर आवाज बदलला तर वरचा थर आतल्या फोमपासून सुटला आहे, आणि असा बोर्ड स्वस्तातही घेऊ नये. फिनच्या खोबणीभोवती बारीक चीर नाही ना, हे उन्हात तिरपे धरून दिसते. वजन काट्यावर करून पाहणे सर्वांत चांगले: स्ट्रॅपशिवाय साडेसहा-सात किलो असायला हवा तो बोर्ड नऊ किलो भरला तर त्याच्या पोटात पाणी आहे.

गोवा किंवा मुंबईच्या किनाऱ्यावर विंडसर्फिंग करणाऱ्या वाचकांना मात्र मी हा सल्ला आहे तसा देणार नाही. फेब्रुवारी ते मे या काळात गोव्यात दुपारी जो वायव्येचा समुद्री वारा सुटतो तो बहुतेक दहा ते पंधरा नॉटचा असतो, आणि ज्या महिन्यांत खरा जोराचा वारा असतो त्या पावसाळ्यात समुद्र खवळलेला आणि जलक्रीडा बंद असतात. तेवढ्या वाऱ्याला रुंद बोर्ड आणि सात चौरस मीटरचे शीड हेच योग्य साहित्य आहे. त्यांच्यासाठी लहान बोर्डाचा प्रश्न येतो तो श्रीलंकेतील कल्पिटिया किंवा इजिप्तमधील दाहाब अशा ठिकाणी जाताना, आणि तिथे विमानाने बोर्ड नेण्यापेक्षा केंद्रावर भाड्याने घेणे सोयीचे. भाड्याने घेताना लिटर आणि रुंदी दोन्ही विचारावीत. लिटर तळावर किंवा टोकाशी छापलेले असतात, आणि रुंदीही बहुतेक बोर्डांवर त्यांच्या शेजारीच असते.

वजनाप्रमाणे आकडे बदलतील. साठ किलोच्या आसपास वजन असलेल्यांना हीच वागणूक थ्री-एसच्या धाकट्या भावंडात, म्हणजे ८६ मध्ये मिळेल. नव्वद किलोच्या माणसाने १०६ किंवा ११६ पाहावा, आणि कोयोटी पॉइंट हा त्याचा नेहमीचा किनारा असेल तर निःशंकपणे ११६. शर्मनलाच जायचे असेल आणि वॉटरस्टार्ट पक्का असेल तर प्रत्येकाने यातून एक पायरी खाली उतरायला हरकत नाही.